लॅपटॉप बघण्याचा कार्यक्रम

रेवाचा लॅपटॉप आणायला कोणी कोणी जायचं, यावरून बेलपाड्याच्या मढवींच्या घरात सकाळपासून खल चालला होता. खल संपेपर्यंत सगळेच चपला घालून दारात उभे होते, तेव्हा प्रश्न आपोआप मिटला.

एकटी रेवा जाऊन घेऊन आली असती. ती आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला गेली होती. पहिलं वर्ष हातानं रेघा ओढण्यात गेलं, आता पुढचं बहुतेक काम कॉम्प्युटरवर होतं आणि कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लागेपर्यंत संध्याकाळ व्हायची. पण कमळाकर मढवींना, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आबांना, हे असं गुपचूप उरकणं मान्य नव्हतं. मढवींच्या अख्ख्या भावकीत आर्किटेक्ट होऊ घातलेली ही पहिली पोर. गेल्या वर्षी तिचं काम कॉलेजच्या प्रदर्शनात लागलं, तेव्हा आबांनी देवळासमोर पेढे वाटले होते. प्रदर्शनात नक्की काय होतं, असं कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर एकच, "लय मोटं काम व्हतं." काम काय होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण मोठं होतं यात त्यांना शंका नव्हती.

"लॅपटॉप घ्याचा म्हनजे असातसा घ्याचा नाय," शर्टाची वरची गुंडी मोकळी ठेवून सोन्याची साखळी सारखी करत ते म्हणाले. "पनवेलात कोनाकडं नसंल असला घ्याचा."

"पनवेलात नसेल तर पनवेलात मिळेल कसा, आबा?" हृतिक म्हणाला. हा त्यांचा थोरला नातू, निकेशचा मुलगा. बी. कॉम. करत होता आणि उरलेला वेळ कॉम्प्युटरवरच्या लढायांत घालवत होता, त्यामुळे घरात या विषयातला जाणकार तोच समजला जाई.

"येवढा भारी कशाला पन?" निकेश गाडीची किल्ली बोटावर फिरवत म्हणाला. आबांचा हा थोरला मुलगा. रेती-सिमेंटचा धंदा त्याचा, घरची सगळी सरकारी धावपळही त्याचीच. "हृतिकचा जुना पडून हाय. तो चालंल तिला."

"जुना कशापायी पडला?" आबांच्या बायकोनं, मालूआजींनी विचारलं. "तुज्या पोराला नवा घेतलास म्हनूनच ना? मंग माज्या नातीला जुना का?"

निकेशनं आईकडे बघून किल्ली मुठीत धरली. मालूआजींना उत्तर देण्याची पद्धत त्या घरात नव्हती.

मनिषा, रेवाची आई, या सगळ्यात पाण्याची बाटली पिशवीत भरत होती. तिचा नवरा दीनानाथ हा आबांचा धाकटा मुलगा. मालवाहू जहाजावर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रावर. नवरा घरात नसलेल्या सुनेनं फार बोलू नये असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण ती बोलत नसे. आबांना तिचा हा शांत स्वभाव आवडायचा. तिला काय आवडतं, हा विचार त्यांच्या मनात कधी आला नव्हता.

गाडी निघाली तेव्हा आबांनी निकेशला मुद्दाम आपल्या प्लॉटवरून घ्यायला लावली. गावची शेती आणि मिठागर सिडकोकडे गेलं, त्याच्या बदल्यात मिळालेला हा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट. इतकी वर्षं नुसता कुंपण घालून ठेवला होता. आता त्याच्यावर मढवींची स्वतःची बिल्डिंग उभी राहणार होती. पुढच्या महिन्यात भूमिपूजन. बिल्डिंगचं रंगीत चित्र घरी हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं होतं. चार उंच खांबांचा पोर्च आणि त्याच्यावर पितळी अक्षरांत 'कमळाकर'. येणाऱ्याजाणाऱ्याला आबा आधी ते चित्र दाखवत, मग पाणी विचारत.

"खांब कुटून दिसतील, बगा," ते आजही म्हणाले. "हायवेवरून दिसतील."

रेवा खिडकीतून प्लॉटकडे बघत होती.

दुकान पनवेलला उरण नाक्याच्या अलीकडे होतं. तीन बाजूंनी काचा, आत थंडगार, आणि टेबलांवर ओळीनं उघडून ठेवलेले लॅपटॉप. एवढी माणसं एकदम आत शिरलेली पाहून दोन गिऱ्हाइकं बाजूला सरकली. सत्यजीत नावाचा तरुण विक्रेता पुढे आला. त्यानं एका नजरेत आबांची साखळी, निकेशचं घड्याळ आणि मालूआजींच्या बांगड्या पाहिल्या आणि तो सरळ मधल्या टेबलाकडे वळला.

"सर, आमच्याकडचं सगळ्यात प्रीमियम मॉडेल."

तो लॅपटॉप चांदीसारखा होता आणि पापडासारखा पातळ. आबांनी तो एका हातानं उचलून पाहिला. काळ्या पडद्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो तिथे त्यांना शोभून दिसला.

"यो घ्याचा," ते म्हणाले. "बांधा."

"आबा, थांबा ना," रेवा म्हणाली. ती सत्यजीतकडे वळली. "मी काल फोन केला होता. डेमोच्या मशीनवर आमच्या सॉफ्टवेअरचं ट्रायल व्हर्जन टाकून ठेवा म्हणून. तुमचे मॅनेजर हो म्हणाले होते."

"हो मॅडम, आम्ही टाकलंय."

"यावर टाकलंय?"

सत्यजीतनं मानेला हात लावला. "यावर… नाही झालं इन्स्टॉल. पण मॅडम, यात बाकी सगळं चालतं. फोटो, व्हिडिओ, बॅटरी तर विचारूच नका."

"बॅटरी मस्तच असते याची, माहितीये मला. माझी मैत्रीण फिल्म एडिटिंग करते, ती हाच वापरते." रेवानं तो हलकेच मिटला. "पण आमचं मेन सॉफ्टवेअरच यावर येत नाही, तर मी रोज काय करणार याचं?"

आबांच्या कपाळावर आठी पडली. महागातली वस्तू नाकारलेली त्यांनी आजवर पाहिली नव्हती. परवडत नाही म्हणून माणसं नाकारतात, पण उपयोगाची नाही म्हणून?

"बगून घेऊ दे तिला," मालूआजी म्हणाल्या. त्यांना कोणीतरी खुर्ची दिली होती आणि त्या तिथे बसून सगळं दुकान न्याहाळत होत्या. "पोरगी बगायला गेल्यावर आपुन पन बगतावच की. चालून दाखव, बोलून दाखव. लॅपटॉपला का नको?"

मग हृतिकनं आपला उमेदवार पुढे केला. काळा, जाड, बटणांखाली लाल दिवे जळणारा. "हा रॉकेट आहे, रेवा. याच्यापुढे तुझी कुठलीही फाईल पाणी."

रेवानं पर्समधून पेनड्राइव्ह काढला, त्याला लावला आणि फाईल उघडली. फाईल झटकन उघडली हे खरं. पण थोड्याच वेळात यंत्राच्या पोटातला पंखा असा घोंघावायला लागला की शेजारच्या टेबलावरचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

"क्लासमध्ये हे चालू केलं तर सर मला बाहेर बसवतील," रेवा म्हणाली.

मनिषानं चार्जर हातात घेऊन पाहिला आणि लॅपटॉपसकट पिशवीत घालून पिशवी खांद्याला लावली. "हा घेऊन रोज नेरूळपर्यंत जायाचं? वर ते ड्रॉइंगचं नळकांडं आणि मॉडेलचं सामान? खांदा उतरंल पोरीचा." ती आज पहिल्यांदा बोलली होती, आणि ते सुद्धा लेकीच्या खांद्यासाठी.

"आणि रंग बघ, दादा," रेवानं लॅपटॉप पिशवीतून काढून हृतिकला पडदा दाखवला. "ही भिंत मी पांढरी दिलीय. इथे पिवळट दिसते. मी इथे रंग ठरवणार आणि प्रिंट वेगळीच येणार."

हृतिकनं डोळे बारीक करून पाहिलं. "गेममध्ये कुठे कळतं," तो पुटपुटला, पण मान्य केल्यासारखी मान हलवली.

तिसरा लॅपटॉप रेवानं स्वतःच निवडला. भिंतीकडच्या टेबलावर, करड्या रंगाचा. ना दिवे, ना चमक. सत्यजीतनं सांगितलं की किमतीत हा पहिल्याच्या बरोबरीला आहे, पण डिझाइनच्या कामाची माणसंच तो मागतात, एरवी कोणी बघत नाही. आबांनीही एकदा पाहून नजर काढून घेतली. बँकेतल्या मॅनेजरच्या टेबलावर असावा असा दिसत होता तो. त्याच्यात सांगण्यासारखं काय होतं?

रेवा मात्र त्याच्यासमोर बसली. ग्राफिक कार्ड कुठलं, मेमरी पुढे वाढवता येते का, बिघडला तर माणूस घरी येतो की आपण वाशीला न्यायचा, पडदा बाहेरच्या उजेडात दिसतो का. सत्यजीत आधी पाठ केलेली उत्तरं देत होता, मग थांबून आत विचारून येऊन उत्तरं द्यायला लागला. आबा ते मागे उभे राहून ऐकत होते. प्रश्न त्यांना कळत नव्हते, पण समोरचा माणूस आता 'मॅडम' हा शब्द वेगळ्या आवाजात म्हणतोय, हे त्यांना बरोबर कळलं. त्यांच्या छातीत काहीतरी फुलून आलं.

मग तिनं फाईल उघडली आणि पडद्यावर एक इमारत उभी राहिली. चार उंच खांब आणि त्यांच्यावर पितळी अक्षरं.

"अरे!" आबा पुढे झाले. "ही आपली बिल्डिंग!"

"हो, आबा. प्लॅनवरून मीच उभी केली. लॅबमध्ये."

तिनं बोटानं इमारत फिरवली आणि ती सगळ्या बाजूंनी दिसली. गच्ची, बाल्कन्या, जिना. दुकानातली इतर माणसंही जवळ आली. आबांनी एका अनोळखी गृहस्थाचा दंड धरून त्यांना पुढे ओढलं. "माजी नात. आर्किटेक्ट होतेय. आमची बिल्डिंग हाय ती, तिनंच बनवली." गृहस्थ म्हणाले, "वा, वा." आबांनी सत्यजीतलाही सांगितलं, जरी तो तिथेच उभा होता.

"आता याची खरी परीक्षा," रेवा म्हणाली. "सावल्या. सावल्या काढताना मशीन अडकतं." तिनं काहीतरी बटणं दाबली. "डिसेंबर महिना, सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

पडद्यावर ऊन आलं. समोरच्या बाल्कन्या सोनेरी झाल्या. सूर्य वर सरकला, खांबांच्या सावल्या आखडल्या, मग सूर्य दुसऱ्या अंगाला कलला. लॅपटॉप अडखळला नाही, त्याचा आवाजही झाला नाही. रेवानं इमारत मागच्या बाजूनं वळवली आणि पुन्हा सकाळपासून ऊन फिरवलं. मागच्या अंगाच्या खिडक्या काळ्या होत्या. दुपार झाली, काळ्याच. संध्याकाळ झाली, काळ्याच.

मालूआजी खुर्चीतून उठून जवळ आल्या होत्या.

"यो काळोखातला फ्लॅट कोनाचा गो?" त्यांनी विचारलं.

रेवा उत्तर देणार तेवढ्यात मागून मनिषा म्हणाली, "आमचा, आई."

"ते कॉम्प्युटरचं ऊन हाय," निकेश घाईनं म्हणाला. "खरं ऊन तसं थोडंच असतं?"

"मोठे पप्पा, मी त्यात पनवेल टाकलंय," रेवा म्हणाली. "सूर्य आपल्याकडे जसा जातो तसाच जातो. मागची बिल्डिंगपण मोजून घातलीय. पूर्वेला समोरचा फ्लॅट, पश्चिमेला ती आडवी येते आणि दक्षिणेला आपलाच जिना आणि लिफ्ट. ऊन यायला वाटच नाही."

आबांना सगळं एकदम उमगलं. ही फाईल, हे ऊन, आणि हे सगळं इथे, अनोळखी माणसांसमोर. ज्या गृहस्थांना त्यांनी दंडाला धरून आणलं होतं ते अजून तिथेच उभे होते आणि आता नजर चुकवत होते.

"बंद कर," आबा म्हणाले.

"आबा…"

"बंद कर म्हनतो ना!" आणि ते काचेचं दार ढकलून बाहेर पडले.

बाहेर ऊन रणरणत होतं. दुकानाच्या शेजारी रसवंती होती, तिच्या बाकड्यावर ते जाऊन बसले. रसवाल्यानं न विचारताच ग्लास पुढे ठेवला. आबांनी त्याला हात लावला नाही. ज्या पोरीच्या नावानं देवळासमोर पेढे वाटले, तिनंच आपल्याला चारचौघांत उघडं पाडलं. आता लॅपटॉप गेला खड्ड्यात, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात येताच त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली.

थोड्या वेळानं रेवा आली आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिचे डोळे लाल होते, पण ती रडत नव्हती.

"मुद्दाम आनलीस ना ती फाईल?" आबांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

"फाईल मुद्दाम नाही आणली. माझ्याकडची सगळ्यात जड फाईल तीच आहे, मशीन तपासायला तीच लागते." ती त्यांच्याकडे वळली. "पण इमारत मागनं वळवली, ती मुद्दाम."

एवढं सरळ उत्तर आबांना अपेक्षित नव्हतं.

"घरी सांगाचं ना मंग. हितं चार लोकांत…"

"सांगितलं होतं. मोठ्या पप्पांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, प्लॅन पास व्हायला गेलाय, आता तुझे नकाशे तुझ्या कॉलेजात काढ. आईला सांगितलं, तर आई म्हणाली, जाऊ दे, लाईट लावून राहू."

"मला का नाय सांगितलंस?"

रेवानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "तुम्ही सगळ्यांना सांगता, आबा, की माझी नात आर्किटेक्ट होणार. रिक्षावाल्यालासुद्धा सांगता. पण घरात बिल्डिंगचा नकाशा आला तेव्हा तुम्ही मला हाक नाही मारली. मी शेजारच्या खोलीत होते."

रसाच्या चरकातून ऊस जात होता आणि घुंगरं वाजत होती. आपण तो नकाशा टेबलावर पसरला होता, ते त्यांना आठवलं. निकेश होता, हृतिक होता, शेजारचे दोघं होते. चहा घेऊन मनिषा आली आणि कप ठेवून गेली. तिच्या घराचा नकाशा तिच्याच ट्रेखाली होता.

आणि त्यांना त्यांचा बाप आठवला. मिठागरावर राबणारा, पायाच्या भेगांत मीठ गेलेला. सकाळी उठून तो आधी आभाळाकडे बघायचा. ऊन कमी पडलं तर पाणी नुसतं पाणीच राहतं, त्यात मीठ धरत नाही, हे लहानपणी आबांनी त्याच्याकडूनच ऐकलं होतं. ज्या घरात ऊन हीच कमाई होती, त्या घरातली सून आता दिवसा दिवा लावून भाकरी थापणार होती.

"दुसरी काय वाट हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे." रेवा घुटमळली. "पण तुम्हाला आवडणार नाही."

"ते मी बगीन. दाखव."

ती दोघं आत आली तेव्हा मढवी मंडळी दोन गटांत उभी होती. निकेश एकटा मोबाईलमध्ये डोकं घालून, आणि बाकीचे करड्या लॅपटॉपभोवती. सगळ्यांनी आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"चालू कर," आबा म्हणाले.

रेवानं जिना उचलला. लिफ्टही उचलली. दोन्ही दक्षिणेकडून काढून उत्तरेच्या अंगाला नेऊन ठेवली. पडद्यावर मांडणी बदलली, आणि समोरच्या बाजूनं चार खांब नाहीसे झाले. पितळी अक्षरांना टेकायला जागा उरली नाही, तीही गेली. तिथे एक साधा, बरा दरवाजा आला.

"खांब कुटं गेलं?" आबांनी विचारलं.

"पोर्च समोरून वळून उत्तरेची सगळी जागा घेत होता, आबा. म्हणून जिना दक्षिणेला ढकलावा लागला होता. आता जिना इथे आला. पोर्च बसत नाही." मग तिनं मागची बाजू वळवली आणि ऊन सोडलं. ते दक्षिणेच्या खिडकीतून आत आलं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढलं आणि दुपारभर तिथेच राहिलं.

मनिषानं हात पुढे केला आणि पडद्याला न लावता तसाच मागे घेतला.

"नाय जमनार," निकेश म्हणाला. तो मोबाईल खिशात घालून पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आबा, तो पोर्च मी भांडून नकाशात घालून घेतलाय. आपला आर्किटेक्ट नकोच म्हनत व्हता, जिना मागं जाईल म्हनत व्हता. मीच बोललो, माज्या बापाचं नाव समोर पायजे, खांब पायजेत, जिन्याचं तुमी बगा. त्यांचं लाईफ गेलं चिखलात, आता तरी हायवेवरून नाव दिसू दे." त्यानं पडद्याकडे बोट केलं. "मी काय दीनानाथचं वाईट चिंतलं नाय. माज्या डोक्यात तुमीच व्हता."

आबा त्याच्याकडे बघत राहिले. आतापर्यंत त्यांना वाटलं होतं की थोरल्यानं धाकट्याचं ऊन घेतलं. ते ऊन तर त्यांच्याच खांबांनी अडवलं होतं, आणि खांब या पोरानं मायेनं उभे केले होते. त्यांनी निकेशच्या खांद्यावर हात ठेवला. हा हात त्याच्या खांद्यावर याआधी कधी पडला होता, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"नाव घरातल्यांना ठाव हाय," आबा म्हणाले. "खांब नको."

"आबा, पन लोकांना…"

"खांब नको, निकेश. तुजा फ्लॅट समोरचाच राहील, त्यात कोनी हात घालनार नाय. तू धावलास, मला म्हाईत हाय. पन मागं ऊन पायजे."

"माझी रूम मागे दिली तरी चालेल," हृतिक म्हणाला. "मला काळोखच बरा. स्क्रीनवर रिफ्लेक्शन येत नाही." मालूआजींनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि सगळ्यांना हसू आलं. निकेशलाही, थोडं उशिरानं.

मनिषा आबांच्या जवळ आली. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि त्यांच्या हातात दिली. आबांनी पाणी पिऊन बाटली परत देताना म्हटलं, "तुज्या पोरीनं आज माजा पोर्च पाडला."

"ती तुमच्यावरच गेलीय, आबा," मनिषा म्हणाली, आणि हे तिनं मान वर करून म्हटलं.

"मॅडम, मग…" सत्यजीत बराच वेळ थांबून होता.

"हाच द्या," रेवा म्हणाली. तिनं आबांकडे पाहिलं. "चालेल ना, आबा? चमकत नाही तो."

"माज्यासमोर एवढी बिल्डिंग फिरवली त्यानं, थकला नाय, आवाज केला नाय," आबा म्हणाले. "घरात असं एक तरी मानूस पायजे." आणि मग सत्यजीतला, "बिलावर तिचं नाव टाका. पूर्न नाव. रेवा दीनानाथ मढवी. माजं नको."

परतीच्या वाटेवर लॅपटॉपचं खोकं रेवाच्या मांडीवर होतं. कळंबोलीच्या अलीकडे ट्रकांची गर्दी लागली. लोखंडाच्या बाजाराकडे वळणारे ट्रेलर हॉर्न वाजवत होते. आबांनी खिशातून फोन काढला, आर्किटेक्टचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"साहेब, कमळाकर मढवी बोलतोय. आपला नकाशा बदलाचाय."

"आता?" पलीकडून आवाज आला. "मढवीशेठ, प्लॅन मंजुरीला गेलाय. काय बदलायचं?"

"जिना आनि लिफ्ट उत्तरेला घ्याची. पोर्च काढाचा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "पोर्च तुम्हालाच हवा होता. मी तर आधीपासून सांगत होतो. कोणी सुचवलं हे तुम्हाला?"

"आमच्या आर्किटेक्टनं," आबा म्हणाले. "तीच बोलंल तुमच्याशी. मला त्यातलं कळत नाय." आणि त्यांनी मान वळवून फोन मागे रेवाकडे दिला.

रेवानं फोन हातात घेतला, एकदा घसा साफ केला आणि बोलायला सुरुवात केली. किती मीटर, कुठली भिंत, कुठला अंश, कुठली शाफ्ट. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. पलीकडचा माणूस आधी मधेमधे तोडत होता, मग ऐकायला लागला, मग "एक मिनिट, लिहून घेतो" म्हणाला. शेजारून एक ट्रेलर हॉर्न वाजवत गेला आणि तिचा आवाज त्यात बुडाला.

"गाडी बाजूला घे," आबा म्हणाले.

"इथं?" निकेशनं विचारलं. "हायवेवर?"

"पुडं त्या झाडाखाली घे. ती बोलतेय ना."

निकेशनं गाडी झाडाखाली घेतली, इंजिन बंद केलं, पण हॉर्नचा आवाज नको म्हणून काचा वरच ठेवल्या. एसी बंद झाल्यामुळे आत लगेच उकडायला लागलं. मालूआजींनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली तेव्हा बांगड्या किणकिणल्या, तशी आबांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. मग ते सीटवर मागे टेकले, कपाळावरचा घाम तसाच ओघळू दिला आणि एक शब्दही न कळता नातीचं बोलणं ऐकत राहिले.